शॉकअप बदलण्याआधी टाचेखालचं अंतर मोजा

तुम्ही लिहिलंय त्यावरून परिस्थिती अशी दिसते. उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. गाडी ३५० सीसीची क्रूझर, म्हणजे खालच्या सीटची, ऐसपैस बसायची; कागदावर सीटची उंची ७६५ मि.मी. आणि गाडीचं वजन १९१ किलो. आकड्यांवरून रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० वाटते. बसून गाडी सरळ धरली की दोन्हीकडे पायाची जेमतेम बोटं टेकतात. गाडी चालू लागली की काही त्रास नाही, पण थांबायची वेळ आली की पोटात गोळा येतो, आणि सावकाश यू-टर्न घेताना ती दोनदा आडवी झाली. मेकॅनिक म्हणतोय, मागचे शॉकअप दोन इंच आखूड टाकू. टाकू का, असा तुमचा प्रश्न आहे.

आत्ताच टाकू नका. त्याने गाडी खाली येईल हे खरं, पण तुम्ही नेमक्या जिथे पडताय तिथे ती आणखी अवघड होईल. हे उलटं वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी गाडी चालवायला शिकवते आणि कमी उंचीच्या लोकांना त्यांची गाडी जुळवूनही देते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना शॉकअपला हात न लावता पाय टेकवता आलेत. सगळ्यांना नाही, आणि का नाही तेही पुढे येईल.

आधी सीटच्या उंचीचा आकडा. हा आकडा फार ढोबळ असतो. जमिनीपासून सीटच्या सगळ्यात खालच्या जागेपर्यंतचं उभं अंतर, एवढंच तो सांगतो. तेही बहुतेक कंपन्या रिकाम्या गाडीचं देतात. हार्लेच्या माहितीपत्रकात माणूस बसल्यावर दबलेल्या सीटची उंची वेगळी दिलेली असते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवले की फसगत होते. शिवाय तुमचा पाय उभा खाली जातच नाही. तो आधी सीटच्या कडेवरून बाहेर वळतो, बाजूच्या कव्हरला आणि इंजिनला वळसा घालतो आणि मग जमिनीकडे येतो. सीट पुढे जितकी रुंद, तितका वळसा मोठा. एकाच उंचीच्या रुंद बाकावर आणि अरुंद कठड्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसून बघा, कठड्यावर टेकतील आणि बाकावर लोंबतील.

वजनाचंही तसंच. सुपर मीटिअर ६५० ची सीट ७४० मि.मी. म्हणजे तुमच्या गाडीपेक्षा २५ मि.मी. खाली आहे, पण ती गाडी २४१ किलोची आहे. पाय थोडा जास्त टेकेल, पण त्या पायाला ५० किलो जड गाडी सांभाळावी लागेल. होंडा रेबेल ५०० ची ६९० किंवा कावासाकी व्हल्कन एसची ७०५ मि.मी. ही मात्र खरोखरच खालची सीट. त्यातली व्हल्कन २३० किलोच्या आसपास जाते, रेबेल तुमच्या गाडीच्या वजनाच्या आसपास राहते. म्हणजे गाडी बदलायचा विचार मनात असेल तरी एकाच आकड्यावर जाऊ नका.

मग मोजायचं काय? टाचेखालचं अंतर. सपाट जागा बघा, जे बूट घालून गाडी चालवता तेच घाला आणि नेहमीसारखे बसा. मागून कुणाला तरी गाडी धरायला सांगा, म्हणजे ती अगदी सरळ राहील आणि तुम्ही घाबरून पुढे सरकणार नाही. दोन्ही पाय सारखे खाली सोडा आणि टाच जमिनीपासून किती वर राहते ते दुसऱ्या कुणाला तरी पट्टीने मोजू द्या. मग सीटवर पुढे, टाकीला टेकेपर्यंत सरकून पुन्हा मोजा. या दोन मापांतला फरक फार बोलका असतो. पुढे सरकल्यावर टाच बरीच खाली आली, तर अडचण सीटच्या रुंदीची आहे. फारसा फरक पडला नाही, तर उंचीची.

किती टेकलं म्हणजे पुरेसं, यावर लोक उगाच अडून बसतात. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. दोन्ही चवडे नीट टेकले, म्हणजे टाच ३ सें.मी.च्या आत वर राहिली, तर तेवढ्यावर १९१ किलोची गाडी आयुष्यभर चालवता येते. एकच पाय सपाट टेकत असेल आणि दुसरा फुटरेस्टवर असेल, तरी चालतं. नुसती बोटं टेकणं मात्र खरंच अपुरं, कारण बोटांवर भार देऊन गाडी ढकलता येत नाही आणि जमिनीवर खडी असली की बोटं सटकतात. म्हणजे तुमची तक्रार खरी आहे. फक्त तुम्हाला गाठायचं अंतर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी आहे. माझ्या अंदाजाने तुमची टाच ४ ते ५ सें.मी. वर असेल. ती ३ च्या आत आणायची. म्हणजे २ सें.मी.चा प्रश्न आहे, दोन इंचांचा नाही.

आता त्या पडण्याबद्दल. दोन्ही वेळा सावकाश वळताना, असं तुम्ही लिहिलंय, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. वळताना तुमचे पाय जमिनीवर नसतातच, त्यामुळे सीट चार सें.मी. खाली असती तरी ती सुरुवात टळली नसती. बहुतेक वेळा होतं असं की हँडल वळलेलं असतं, मधेच भीती वाटते आणि उजवा हात पुढचा ब्रेक दाबतो. वळलेल्या चाकाला ब्रेक लागला की गाडी आतल्या बाजूला झुकते, तुम्ही आतला पाय टाकता आणि तिथे टेकायला फक्त बोटं असतात. पाय लांब असता तर कदाचित सावरली असती. पण पाय टाकायची वेळ का आली, हा आधीचा प्रश्न आहे. यू-टर्नमध्ये पुढच्या ब्रेकवरून बोटं काढून ठेवा. ॲक्सिलरेटर थोडा आणि एकसारखा धरा, वेग हाफ क्लचने कमीजास्त करा आणि मागचा ब्रेक हलकासा लावून ठेवा, म्हणजे गाडी ताणलेली राहते. नजर चाकासमोर नको. जिथे बाहेर पडायचंय तिकडे मान पूर्ण वळवा. रिकाम्या मैदानात हे पक्कं होईपर्यंत करा, मग रस्त्यावर.

थांबतानाही असंच. शेवटची काही पावलं गाडी मागच्या ब्रेकवर थांबवा आणि हँडल सरळ ठेवा. थांबायच्या आधी पाय कुठे पडणार ती जागा बघून ठेवा. रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे एकाच जागी एका पायाला जमीन जवळ आणि दुसऱ्याला लांब असते. खड्डा, वाळू, तेलाचा डाग कुठल्या बाजूला आहे ते दोन सेकंद आधी कळलं तर तोल जात नाही. मग कंबर थोडी एका बाजूला सरकवा, अर्धं बूड सीटवरून खाली येऊ द्या. तो पाय सपाट टेकतो. साधारणपणे डावा पाय टाकावा, म्हणजे उजवा मागच्या ब्रेकवर मोकळा राहतो आणि चढावर गाडी मागे घसरत नाही. उंच गाड्या चालवणारे लहानखुरे लोक हेच करतात. सवय झाली की आपण काही वेगळं करतोय हे लक्षातही राहत नाही.

पार्किंगचं एकच सांगते: उताराकडे तोंड करून भिंतीला भिडेल अशी गाडी कधी लावू नका. बोटांवर बसून ती मागे ओढता येणार नाही. उतरून डाव्या बाजूने, कंबर टाकीला किंवा सीटला लावून आणि उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवून ढकलायची सवय लावा. यात कमीपणा काही नाही.

आता गाडीकडे वळू. सुरुवात मी नेहमी प्रीलोडपासून, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे तिथपासून करते, कारण तिथे सुटा भाग लागत नाही. तुमच्या मागच्या शॉकअपला सहा खाचा आहेत. त्या फिरवल्या की स्प्रिंग कमीजास्त दाबून ठेवली जाते. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. प्रीलोड कमी केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसणार तेवढं बदलतं. आणि आपल्याला हवंय तेच.

ते मापही घेता येतं. गाडी मेन स्टँडवर लावा, मागचं चाक मोकळं. चाकाच्या आसापासून सरळ वर, मडगार्डवर एखादी खूण करा आणि अंतर घ्या. मग गाडी स्टँडवरून उतरवून तुम्ही नेहमीच्या कपड्यांत बसा, पाय फुटरेस्टवर, आणि तेच अंतर पुन्हा घ्या. दोन्हीतला फरक म्हणजे गाडीच्या आणि तुमच्या वजनाने मागची बाजू किती बसली ते. मागच्या चाकाच्या वरखाली एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतका तो असावा. ती एकूण हालचाल मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

बावन्न किलोच्या माणसाचा हा फरक बहुतेक वेळा त्याहून कमी येतो. कारखान्यातली स्प्रिंग तुमच्यापेक्षा जड चालक, मागे बसणारा आणि सामान या सगळ्यांचा हिशेब धरून निवडलेली असते. त्यामुळे हलका माणूस एकटा बसला की गाडी वरच तरंगत राहते. कमी उंचीचे लोक बहुधा वजनानेही कमी असतात, म्हणून त्यांना गाडी दुहेरी उंच पडते, आणि ही गोष्ट कुणी त्यांना सांगत नाही. तेव्हा आधी प्रीलोड कितव्या खाचेवर आहे ते बघा. गाडी देताना किंवा आधीच्या मालकाने ती मधे कुठेतरी ठेवलेली असेल. दोन्ही शॉकअप सारख्या खाचेवर, सगळ्यात कमी प्रीलोडच्या (बोलीत ‘मऊ’) बाजूला आणा. सीट ५ ते १० मि.मी. खाली बसेल. कमी वाटतं, पण तुमच्या २ सें.मी.मधला हा बराच मोठा वाटा आहे.

सगळ्यात मऊ खाचेवरही फरक एकूण हालचालीच्या पाचव्या भागापेक्षा कमी आला, तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. तेव्हा शॉकअप आखूड करण्यापेक्षा त्याच लांबीच्या शॉकअपमध्ये मऊ स्प्रिंग बसवून घेणं मला जास्त पटतं. गाडी खाली बसते आणि खड्ड्यांत पाठीला बसणारे दणकेही कमी होतात. अडचण एवढीच की मागे कुणी बसत असेल तर ती स्प्रिंग पुरणार नाही. शॉकअप तळाला आदळेल. तुम्ही नेहमी एकट्याच जाता की मागे कुणी असतं हे लिहिलं नाहीत, आणि या मुद्द्यावर सगळं त्यावर ठरतं. मागे कुणी बसणार असेल त्या दिवशी प्रीलोड वाढवावा लागेल, आणि मागचा माणूस बसेपर्यंत पाय पुन्हा कमी टेकेल. मात्र तोल सांभाळण्याचा प्रश्न नेमका तेव्हाच मोठा असतो, हेही ध्यानात घ्या.

खरा फायदा सीटमध्ये आहे.

क्रूझरची सीट आरामासाठी रुंद बनवतात, आणि ती रुंदी टाकीच्या मागे लगेच सुरू होते. मांडीची आतली बाजू जिथे कडेवर टेकते तो भाग दोन्हीकडून घासून गोल केला तर पायाचा वळसाच कमी होतो. वरून २ सें.मी. फोम काढण्यापेक्षा पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतून तेवढाच काढला तर टाच जास्त खाली येते, आणि बुडाखालचा फोम शाबूत राहतो. सीट बनवणाऱ्याकडे गेलात की तो हौसेने वरून कापायला सुरुवात करेल. त्याला थांबवा. आधी सीटवर बसून, पाय खाली सोडून, मांडी जिथे कडेला लागते तिथे खडूने रेघ मारून घ्या. दोन्ही मांड्यांची. त्या रेघेच्या पुढचा भाग आधी कमी करायचा. कव्हर काढायचं, थोडं घासायचं, कव्हर तसंच ओढून बसून बघायचं, पुन्हा घासायचं. कापलेला फोम परत लागत नाही, त्यामुळे घाईचा कारागीर यासाठी नको.

कोपरे झाल्यावरच उंचीकडे या. बसायच्या जागी फोम ४ सें.मी.पेक्षा पातळ झालेला मला चालत नाही. त्याखाली सीटची प्लेट जाणवू लागते, तासाभराने बैठकीची हाडं दुखतात आणि मग माणूस सारखा जागा बदलत बसतो. उंची कमी करायचीच असेल तर जुना मऊ फोम तसाच कापू नका. पातळ केलेला मऊ फोम लगेच दबून बसतो. बसायच्या भागात जास्त घनतेचा फोम घाला आणि वर पातळ मऊ थर द्या. जेलची गादी वरून ठेवू नका, ती उंची वाढवते. घालायचीच तर फोममध्ये तेवढी जागा कोरून त्यात बसवायची.

दोन चुका हमखास होतात. एक, सीट पुढे उतरती होते. तुम्ही ब्रेक लावला की घसरत टाकीवर जाता, मनगटांवर भार येतो आणि आधीच भीती वाटणाऱ्या माणसाला हे अजिबात नको असतं. बसायची जागा सपाट किंवा किंचित मागे झुकलेली हवी. दुसरी, मधोमध खोल खळगा होतो. पहिल्यांदा बसल्यावर तो फार छान वाटतो, पण त्यात एकाच जागी अडकल्यासारखं होतं. थांबताना कंबर एका बाजूला सरकवायची, असं मी वर सांगितलं, तेही त्यात जमत नाही. कव्हर शिवण्याआधी फोमवर प्लास्टिकचा पातळ कागद घालून घ्या, नाहीतर शिवणीतून पाणी आत जाऊन फोम स्पंजसारखा भिजत राहतो. आणि हे सगळं मूळ सीटवर करू नका. दुसरी सीट घेऊन तिच्यावर करा. काही मॉडेलना कंपनीचीच खालची सीट मिळते. ती मिळत असेल तर आधी तीच बसवून टाच मोजा, कापाकापीची गरजही पडणार नाही कदाचित.

सीट खाली गेली की गुडघे आणि हात यांच्यावरही परिणाम होतो. फुटरेस्ट जागेवरच असल्यामुळे, ते बुडाच्या जवळ असलेल्या गाडीत गुडघा जास्त मुडपतो. क्रूझरला फुटरेस्ट पुढे असतात, म्हणून तुम्हाला तो त्रास कमी. शिवाय पाय खाली सोडताना पोटरीला फुटरेस्ट आडवा येत नाही, हा क्रूझरचा कमी बोलला जाणारा फायदा. फुटरेस्ट आणखी पुढे नेणारे सेट मात्र घेऊ नका. आखूड पायाला ब्रेकचं पेडल दाबताना पूर्ण ताणावं लागतं, जोर येत नाही. व्हल्कन एसमध्ये कंपनीने फुटरेस्ट मागेपुढे करायची सोय ठेवली आहे ती यासाठीच. हँडलचं म्हणाल तर यू-टर्नमध्ये बाहेरचा हात पूर्ण सरळ होऊन खांदा ओढला जात असेल तर हँडल मागे घेणं हाही तुमच्या पडण्यावरचा उपाय असू शकतो. पूर्ण वळवलेल्या हँडलवर कोपर थोडा मुडपलेला राहतो का, तेवढं बघा.

बुटांबद्दल फार काही नाही. जाड, कडक तळव्याचा बूट १ ते दीड सें.मी. सहज देतो. उंच टाचेचा बूट नको, ती फुटरेस्टला अडकते. तळवा एवढाही जाड नको की गिअरचं पेडल जाणवणार नाही.

आता मेकॅनिकच्या दोन इंचांकडे येते. मागचे शॉकअप ५० मि.मी. आखूड केले तर गाडी ५० मि.मी. खाली येईल असं वाटतं. तसं होत नाही. शॉकअप तिरका आणि आसाच्या पुढे बसवलेला असल्यामुळे चाक शॉकअपपेक्षा जास्त हलतं. गाडीगणिक हे प्रमाण बदलतं, पण समजा चाक सव्वा पट हलतं, तर मागची बाजू ६० मि.मी.च्या आसपास खाली येईल. सीट मात्र दोन चाकांच्या मधे आहे. ती मागच्या चाकाच्या वर असती तर पूर्ण ६० मिळाले असते. क्रूझरमध्ये तुम्ही पुढच्या आसापासून साधारण ७० टक्के अंतरावर बसता, म्हणून सीट ४० ते ४५ मि.मी. खाली येईल. हे मिळतं. आता जातं काय ते बघा.

दोन आसांमधलं अंतर तुमच्या गाडीत १४०० मि.मी. आहे. पुढची बाजू तशीच ठेवून मागची ६० मि.मी. खाली आणली की अख्खी गाडी जवळजवळ अडीच अंश मागे झुकते. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, तेवढाच जास्त आडवा होतो. फोर्क आडवा झाला की चाकाचा जमिनीवर टेकायचा बिंदू आणि हँडलच्या अक्षाची रेषा यांतलं अंतर दर अंशाला सुमारे ६ मि.मी.ने वाढतं. सरळ महामार्गावर याने गाडी आणखी स्थिर वाटते, म्हणून चाचणीला सरळ रस्त्यावर नेऊन आणली की सगळे खूश होतात. सावकाश वळताना मात्र हँडल एका मर्यादेपलीकडे स्वतःच्या वजनाने आत पडायला लागतं आणि ते धरून ठेवायला हाताला जास्त जोर लागतो. तुम्ही पडताय ते तिथेच.

जमिनीपासूनची मोकळी जागा १७० मि.मी. आहे, ती मधल्या भागात ३० मि.मी.ने कमी होईल. गतिरोधकावर पोट घासेल. फुटरेस्ट खाली आल्यामुळे वळणात ते लवकर घासतील, आणि क्रूझरला झुकायला मुळात जागा कमीच असते. आखूड शॉकअपमध्ये आतली हालचालही बहुधा कमी असते, मग तो आदळू नये म्हणून स्प्रिंग कडक लागते आणि पाठ मार खाते. हालचाल मूळचीच ठेवली असेल तर चाक पूर्वीपेक्षा जास्त वर जाईल आणि मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डच्या आत घासेल. तिथून जाणाऱ्या वायरी आधी तुटतात.

शिवाय साइड स्टँड आता लांब पडतो. गाडी त्यावर जवळजवळ उभीच राहते आणि जरा उतार असला की दुसऱ्या बाजूला पडते. स्टँड कापून जोडावा लागतो, आणि ते काम चांगल्या वेल्डरचंच. मेन स्टँडवर गाडी चढवणं जड होतं, कारण आता ती जास्त उचलावी लागते. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. चेनचा ढिलेपणा बदलतो. ती पुन्हा जुळवताना कुणीतरी सीटवर बसलेलं हवं, म्हणजे ती सगळ्यात ताठ कुठे होते ते कळतं. आणि असे बदल केल्यावर वॉरंटी, विमा आणि तुमच्याकडचे वाहन नियम काय म्हणतात ते आधी विचारून घ्या.

याचा अर्थ गाडी कधीच खाली करू नये असा नाही. वरचं सगळं करूनही टाच ३ सें.मी.च्या वर राहणारे लोक असतात, आणि कुणाच्या गुडघ्याला किंवा खुब्याला दुखापत झालेली असते. त्यांच्यासाठी मी गाडी खाली करते, पण थोडी, आणि दोन्ही बाजूंनी. मागून २० ते २५ मि.मी., आणि पुढच्या फोर्कच्या नळ्या त्यांना पकडणाऱ्या क्लॅम्पमधून १० ते १५ मि.मी. वर सरकवून पुढची बाजूही खाली. मग गाडीचा झुकाव मूळच्या जवळ राहतो. नळ्या दोन्हीकडे तंतोतंत सारख्या सरकवायच्या, बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळायचे, आणि फोर्क पूर्ण दाबला गेला तर पुढचं मडगार्ड खालच्या क्लॅम्पला लागत नाही ना ते बघूनच गाडी रस्त्यावर काढायची. बऱ्याच क्रूझरमध्ये वरचा क्लॅम्प बंद असतो किंवा हँडल आड येतं, तिथे नळ्या सरकतच नाहीत. मग फोर्क उघडून आतून बदल करावा लागतो, आणि ते काम सस्पेन्शनचं ज्ञान असलेल्याकडेच द्यावं.

ज्या गाड्यांना मागे एकच शॉकअप आणि त्याला जोडपट्ट्या असतात, त्यांना लांब पट्ट्या लावून खाली आणतात. त्यात चाक आणि शॉकअपच्या हालचालीचं प्रमाणही बदलतं, म्हणून स्प्रिंगचा पुन्हा विचार करावा लागतो. हार्लेच्या २०१७ पर्यंतच्या सॉफ्टेल गाड्यांत तर शॉकअप गिअरबॉक्सखाली आडवे असून चाक वर गेलं की ते लांबतात. तिथे शॉकअपची लांबी वाढवली की गाडी खाली जाते. तुमच्याकडे साधे दोन शॉकअप आहेत, पण एखाद्या मित्राच्या गाडीवर झालेला बदल आपल्याला जसाच्या तसा का लागू पडत नाही, ते यावरून कळेल. छोटी चाकं किंवा कमी उंचीचे टायर हा उपाय कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. स्पीडोमीटर, एबीएस आणि गाडीचं वळणं, तिन्हींचा हिशेब बिघडतो.

तुमच्यासाठी मी हा क्रम धरेन. आज टाच मोजा, दोन्ही मापं. मग प्रीलोड सगळ्यात मऊ खाचेवर आणून पुन्हा मोजा. बूट बदला आणि पुन्हा मोजा. एवढ्यात दीड ते दोन सें.मी. मिळाले तर बाकी काही न करता महिनाभर मैदानात यू-टर्न घ्या. मिळाले नाहीत, तर दुसरी सीट घेऊन तिचे पुढचे कोपरे कमी करून घ्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. गाडीला क्रॅश गार्ड नसेल तर या काळात तो लावा, आणि ती पडायला लागली तर पडू द्या. १९१ किलो एका पायावर अडवायला गेलात तर गाडीआधी गुडघा जाईल.

मेकॅनिकला तूर्त फक्त प्रीलोडचं काम सांगा. सीट होऊनही टाच ३ सें.मी.च्या वर राहिली तर मला तीन मापं कळवा: टाचेचं अंतर, तुम्ही बसल्यावर मागचा शॉकअप किती दबतो ते, आणि फोर्कच्या नळ्या वरच्या क्लॅम्पच्या किती बाहेर आहेत ते. मागे कुणी बसतं का तेही सांगा. मग किती मि.मी. आखूड शॉकअप घ्यायचा ते ठरवू.